किडनीचा कॅन्सर काढला, पण तपासणी सोडू नका! स्कॅन किती दिवसांनी, क्रिएटिनिन कशासाठी? वाचा सविस्तर

शिरूर अनंतपाळ : किडनीत गाठ निघाली, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, टाके वाळले. दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा शेताच्या बांधावर दिसू लागला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग येते पुढच्या तपासणीची तारीख. नेमकी त्याच आठवड्यात पेरणी असते, नाहीतर सोयाबीनची काढणी. "आता काही दुखत नाही, किमो नाही, शेक नाही, मग पुन्हा गाडीभाडं घालून जायचं कशाला?" असं म्हणत तारीख पुढं ढकलली जाते. एकदा ढकललेली तारीख मग वर्ष-वर्ष येत नाही.

नुकसान होतं ते इथंच. किडनीच्या कॅन्सरनंतर दोन वेगवेगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं असतं. पहिली, कॅन्सर परत आला का? दुसरी, उरलेली किडनी नीट काम करते का? पहिलीचं उत्तर स्कॅनमधून मिळतं, दुसरीचं रक्त, लघवी आणि बीपीमधून. एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरीची खात्री देता येत नाही. आणि दोन्ही बिघाड सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीत. म्हणून "मला काही होत नाही" हा तपासणी चुकवण्याचा आधार होऊ शकत नाही.

किमो नाही म्हणजे आजार साधा होता का?

स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर अनेकांना किमो किंवा शेक दिला जातो. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर जुन्या पद्धतीची किमो फारशी चालत नाही. त्यामुळं गाठ किडनीपुरती असेल तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार. गाठ लहान असेल आणि जागा सोयीची असेल तर किडनीचा तेवढाच भाग काढतात, नाहीतर पूर्ण किडनी काढावी लागते. धोका जास्त असलेल्या काही रुग्णांना ऑपरेशननंतर प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शनं दिली जातात, पण अनेकांना घरी जाताना कॅन्सरची एकही गोळी नसते.

गोळी नाही म्हणून आजार संपला असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पुढची काही वर्षं तपासणी हाच उपचाराचा भाग असतो. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून दुसरीकडं गेलेल्या असू शकतात. त्या लगेच दिसत नाहीत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्यांची गाठ होते. हा कॅन्सर परत आला तर सर्वांत जास्त वेळा फुफ्फुसात दिसतो. त्याशिवाय हाडं, लिव्हर, पोटातल्या गाठी, मेंदू, दुसरी किडनी किंवा ऑपरेशनची जागा इथंही तो येऊ शकतो.

परत आलेली गाठ एकच आणि लहान असताना सापडली तर काही रुग्णांमध्ये ती पुन्हा काढता येते किंवा नेमका शेक देऊन जाळता येते. खोकला, हाडदुखी, वजन घटणं अशी लक्षणं सुरू होईपर्यंत थांबलं, तर तोवर गाठी अनेक ठिकाणी पसरलेल्या असण्याची शक्यता वाढते. तारीख पाळण्याचा फायदा हा आहे.

स्कॅन किती दिवसांनी? उत्तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये

शेजारच्या गावातल्या माणसाला वर्षानं बोलावलं आणि आपल्याला तीनच महिन्यांनी, म्हणजे आपला आजार लपवला, असा समज करून घेऊ नये. तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. काढलेली गाठ तपासून जो रिपोर्ट येतो, त्यावर त्या ठरतात. त्या रिपोर्टमध्ये मुख्य चार गोष्टी असतात : गाठ किती सेंटिमीटरची होती, ती किडनीबाहेरच्या चरबीत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत शिरली होती का, जवळच्या गाठींमध्ये कॅन्सर होता का आणि पेशींची ग्रेड किती. ग्रेड १ ते ४ असते. आकडा जास्त तेवढ्या पेशी आक्रमक.

डॉक्टर साधारण असं वेळापत्रक देतात :

• कमी धोका (गाठ लहान, किडनीतच, ग्रेड कमी) : पहिला स्कॅन सहा महिने ते वर्षभरात. पुढं साधारण वर्षातून एकदा, काहींना त्याहून कमी वेळा, किमान पाच वर्षं.

• मध्यम धोका : सहा महिन्यांनी, मग वर्ष पूर्ण झाल्यावर, त्यानंतर दरवर्षी.

• जास्त धोका (गाठ मोठी, रक्तवाहिनीत शिरलेली किंवा ग्रेड ४) : पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

परत येण्याचं प्रमाण पहिल्या तीन वर्षांत जास्त असतं, म्हणून सुरुवातीला तारखा जवळजवळ असतात. पण हा कॅन्सर पाच वर्षांनंतरही, कधी दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. पाच वर्षं झाली की आपल्या मनानं बंद न करता पुढं किती दिवस यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

गावाजवळ सोनोग्राफी केली तर चालतं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण सोनोग्राफी स्वस्त आहे आणि जवळ होते. कमी धोक्याच्या रुग्णाला डॉक्टर काही वेळा सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे एवढ्यावर भागवतात. पण सोनोग्राफीत फुफ्फुस तपासता येत नाही आणि आतड्यांमागच्या लहान गाठी सुटू शकतात. म्हणून मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णाला पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन सांगितला जातो. डॉक्टरांनी सीटी लिहून दिला असेल तर त्याऐवजी सोनोग्राफी करून "नॉर्मल आहे" म्हणू नये.

उलट बाजूही आहे. प्रत्येक वेळी पेट स्कॅन करायलाच पाहिजे असं नाही. किडनीच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या तपासणीसाठी पेट स्कॅन सहसा लागत नाही. हाडांचा स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय हेही लक्षणं असतील किंवा रक्तात तसा काही इशारा असेल तरच करतात. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, हे गणित इथं चालत नाही.

आणखी एक गोष्ट. किडनीचा कॅन्सर परत आला का हे सांगणारी रक्ताची खात्रीशीर चाचणी आज वापरात नाही. त्यामुळं "रक्त तपासलं, सगळं ठीक आहे" एवढ्यानं स्कॅन टळत नाही.

जुनी सीडी फेकू नका

फुफ्फुसात बारीक ठिपका दिसणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. पूर्वी टीबी होऊन गेला असेल किंवा न्यूमोनिया झाला असेल तर डाग राहतो. स्कॅनमध्ये असा ठिपका दिसला की तो जुना डाग आहे की नवी गाठ, हे मागच्या स्कॅनशी ताडून बघावं लागतं. मागची सीडी असेल तर डॉक्टर तिथल्या तिथं सांगू शकतात. ती नसेल तर पुन्हा तीन महिन्यांनी स्कॅन आणि तोवर घरभर काळजी.

म्हणून ऑपरेशनआधीचा स्कॅन, बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि नंतरचे सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणं लावावेत. सातबारा आणि पासबुक जिथं ठेवतो तिथंच ही फाईल ठेवावी. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडं ठेवावा. शक्यतो दरवेळी एकाच ठिकाणी स्कॅन करावा, म्हणजे तुलना सोपी जाते.

आता दुसरी बाजू : उरलेली किडनी

विहिरीवर दोन मोटारी होत्या, एक काढली. दुसरी शेत भिजवते, पण भार सगळा तिच्यावर. शरीराचंही तसंच होतं. एक किडनी काढल्यावर उरलेली किडनी काही आठवड्यांत थोडी मोठी होते आणि जास्त काम करू लागते. तरी एकूण क्षमता पहिल्याएवढी होत नाही, साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश एवढी राहते. दुसरी किडनी मुळात निरोगी असेल तर तेवढ्यावर माणूस आयुष्य नीट काढतो. घरच्या माणसाला किडनी दान केलेले लोक असेच जगतात.

फरक एवढाच की किडनी दान करणारा माणूस सगळ्या तपासण्या करून निवडलेला, धडधाकट असतो. कॅन्सरचा रुग्ण बहुतेक वेळा पन्नाशी-साठीचा असतो. त्याला बीपी असतं, शुगर असते, काहींची वर्षानुवर्षं बिडी असते. म्हणजे उरलेली किडनीही आधीच थोडी झिजलेली असू शकते.

क्रिएटिनिन १.२ : एकाला ठीक, दुसऱ्याला इशारा

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की रक्तातला आकडा वाढतो. पण नुसता आकडा फसवू शकतो, कारण कचरा किती तयार होतो ते अंगातल्या स्नायूंवर अवलंबून असतं.

उदाहरण बघा. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ आलं आणि ६५ वर्षांच्या बाईचंही १.२ आलं. रिपोर्टवर दोघांचाही आकडा नॉर्मलच्या आसपास दिसतो. पण वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून आजच्या प्रचलित सूत्रानं हिशेब केला, तर त्या पुरुषाची किडनीची गाळण्याची गती साधारण ८३ येते आणि त्या बाईची साधारण ५०. या गतीला ईजीएफआर म्हणतात. म्हणून क्रिएटिनिन केलं की "ईजीएफआर किती आला?" हे विचारायलाच पाहिजे.

ईजीएफआरचा अर्थ असा लावतात :

• ९० आणि वर : गती चांगली.

• ६० ते ८९ : थोडी कमी. एका किडनीवर असलेल्या अनेकांचा आकडा इथंच राहतो. लघवीत प्रोटीन नसेल आणि आकडा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही.

• ६० च्या खाली, तेही तीन महिन्यांहून जास्त काळ : किडनीचा दीर्घ आजार धरला जातो.

• ४५ च्या खाली : किडनीच्या डॉक्टरांना, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टना दाखवावं.

• १५ च्या खाली : डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

एकाच रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये. जुलाब, उलट्या, कडक उन्हात पाणी कमी पडणं यामुळंही आकडा तात्पुरता बिघडतो. महत्त्वाचं आहे ते आकडा कुठल्या दिशेनं चालला आहे. म्हणून वहीच्या एका पानावर तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, बीपी आणि वजन असे रकाने करून लिहीत जावं. चार नोंदी झाल्या की घसरण आहे की नाही ते घरच्यालाही कळतं.

लघवी आणि बीपी विसरू नका

किडनीची चाळणी खराब होऊ लागली की लघवीतून प्रोटीन गळतं. क्रिएटिनिन वाढायच्या आधीही हे दिसू शकतं. त्यासाठी लघवीची साधी तपासणी किंवा एसीआर नावाची तपासणी करतात. लघवीला सारखा फेस येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावं.

बीपी वाढलं की किडनी झिजते आणि किडनी झिजली की बीपी वाढतं. बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडणं एका किडनीच्या माणसाला परवडत नाही. शुगरचंही तसंच.

ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत, मग तीन महिन्यांनी आणि पुढं सहा महिने ते वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवी आणि बीपी बघतात. आकडा कमी असेल किंवा शुगर असेल तर त्याहून लवकर. यासाठी दरवेळी मुंबईला जायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्त-लघवी तपासणीची विचारणा करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

कंबर धरली की मेडिकलची गोळी? सावधान!

आपल्या भागात उरलेल्या किडनीला मोठा धोका असतो तो वेदनाशामक गोळ्यांचा. दिवसभर काढणी केली, कंबर धरली, मेडिकलवरून गोळी घेतली. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाईड या गोळ्या आणि इंजेक्शनं किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात. त्यात ऊन, घाम आणि कमी पाणी जमलं की किडनी अचानक बसू शकते. गोळी, इंजेक्शन किंवा सलाईन घेण्याआधी "मला एकच किडनी आहे" हे पहिलं वाक्य असावं. दुखण्यावर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत सहसा चालते. पण कंबर किंवा हाड रात्रीही दुखत असेल आणि आठवडे उलटून थांबत नसेल, तर ती मेहनतीची कंबरदुखी न समजता कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी.

"किडनी साफ करणारी" पुडी, भस्म किंवा काढा यांपासूनही दूर राहावं. काही भस्मांत शिसं आणि पारा असतो, तो किडनीतच साचतो. पाणी तहानेप्रमाणं आणि लघवी फिकट राहील एवढं प्यावं. पायावर सूज किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. वरण-भाकरी, भाजी, ताक हा रोजचा आहार बहुतेकांना चालतो. लोणचं, पापड, खारे पदार्थ कमी करावेत. बिडी-सिगारेट बंदच.

स्कॅनमधला डाय : घाबरून नाकारू नका, पण माहिती द्या

सीटी स्कॅन करताना हाताच्या शिरेतून औषध सोडतात, त्याला डाय म्हणतात. त्यामुळं लहान गाठ उठून दिसते. हा डाय किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून इथं दोन्ही तपासण्यांचा संबंध येतो. स्कॅनला जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा. एकच किडनी आहे, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, मागं डायची अ‍ॅलर्जी आली होती, या गोष्टी टेबलावर झोपण्याआधी सांगाव्यात. उपाशी यायला सांगितलं तरी पाणी कधीपर्यंत प्यायचं ते विचारून घ्यावं.

किडनी बऱ्यापैकी चालत असेल तर डायचा धोका कमी असतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर डॉक्टर विचार करून एमआरआय किंवा डायशिवाय स्कॅन असा पर्याय निवडतात. "डायनं किडनी जाते" असं कुणाकडून ऐकून स्कॅनच टाळणं चुकीचं आहे.

जायचं कुठं, खर्चाचं काय?

शक्यतो जिथं ऑपरेशन झालं तिथंच तपासणी चालू ठेवावी. परळचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय इथं आपल्या भागातले रुग्ण जातात. बार्शीला तर १९८७ पासून आसपासच्या गावांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागासाठी देशातली ती पहिली नोंदणी. मधल्या काळातल्या तपासण्या लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत करून रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना पाठवले तर चालतील का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालं असेल तरी नंतरचा प्रत्येक स्कॅन त्यात बसेलच असं नाही. काही उपचारांच्या पुढच्या तपासण्या योजनेत आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आपल्या कागदावर बोट ठेवून विचारावं, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला तिकिटात सवलत आहे आणि ती उपचाराप्रमाणंच ठरावीक तपासणीसाठी जातानाही मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतल्या सवलतीची चौकशी आगारात करावी. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहेच.

तारखेची वाट न पाहता कधी जायचं?

• लघवीतून रक्त

• तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, दम लागणं

• एकाच जागी सतत हाडदुखी

• कारण नसताना वजन घटणं, भूक मरणं, अंगावर किंवा पोटात गाठ

• नवी, जोराची डोकेदुखी, फिट, हातापायातली ताकद जाणं

• पायावर-चेहऱ्यावर सूज, लघवी कमी होणं

• जुलाब-उलट्या थांबत नाहीत. अशा वेळी ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दाखवावं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हेही विचारावं.

आज एवढं करा

फाईल काढा. बायोप्सीचा रिपोर्ट आहे का बघा. पुढच्या स्कॅनची तारीख कॅलेंडरवर आणि मोबाईलमध्ये टाका. तारीख पेरणीत किंवा काढणीत येत असेल तर आधीच फोन करून आठ-पंधरा दिवस पुढं-मागं होईल का विचारा; परस्पर सोडून देऊ नका. सहा महिन्यांत क्रिएटिनिन आणि लघवी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. आणि गावात असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर पुढच्या वेळी बांधावर भेटल्यावर "तब्येत कशी आहे?" एवढंच न विचारता "तपासणीची तारीख कधी आहे?" हेही विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक रुग्णाच्या तारखा, तपासण्या आणि औषधं त्याचे डॉक्टरच ठरवतात.)